सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र पाण्याखालून पाहायचा असेल तर

मालवणात येणारा प्रत्येक जण फोनवर आधी हेच विचारतो, "पाणी क्लिअर आहे का?" मी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगते. आमच्या घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती, आणि आजो सांगायचो, "पाणी निवळ व्हया, तर तिथी बघ."

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते आणि तळाची वाळू उठते. अष्टमी उलटली की भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती येते, ओढ मंदावते, गाळ खाली बसतो. दशमी ते द्वादशी या दिवसांत तर भरती सकाळीच पूर्ण होते, म्हणजे बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की खाड्यांचं गढूळ पाणी किनाऱ्यालगत पसरायला लागतं. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीतली दशमी-एकादशी धरा आणि आठ वाजता पाण्यात असा. तोवर ऊन खालपर्यंत पोचतं, आणि खारे वारे सुटून लाटा उठायला अजून वेळ असतो. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी फार होते, पण पावसाचा गाळ तेव्हा पुरता निवळलेला नसतो.

महाराजांनी 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर हा किल्ला बांधला. 1987 साली भोवतालचा सुमारे 29 चौरस किलोमीटर समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ला आणि शेजारचा छोटा पद्मगड त्याच्या गाभ्याच्या भागात येतात. मच्छीमारांनी तेव्हा विरोध केला होता, आणि पोटाचा प्रश्न असल्यावर तो होणारच. आज त्याच घरांतली पोरं पाहुण्यांना खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, दाखवून कमावतात.

होडी ठरवताना पैशांच्या आधी नांगराचं विचारा. तो खडपावर पडला तर प्रवाळ मोडतं. नांगर कुठे टाकणार? "वाळूत" किंवा "बोयाला (तरंगत्या खुणेला) बांधणार" असं उत्तर आलं तर बसा. दुसरा प्रश्न, माशांना पाव टाकता का? टाकत असतील तर दुसरी होडी बघा. पावाला पट्टेरी माशांची झुंबड उडते, फोटो छान येतो, पण बुजरे मासे त्या गर्दीला फिरकत नाहीत, आणि जे मासे पावावर पोसले जातात ते खडपावरचं शेवाळ खायचं सोडतात. शेवाळ माजलं की प्रवाळ गुदमरतं.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला पाहिजे. मिशी असेल तर वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावा. काचेला आतून थुंकी चोळून विसळली की वाफ धरत नाही. पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेटवर पालथं तरंगता येतं. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर.

आता मुख्य गोष्ट. एकच खडप निवडा आणि त्याच्यावर तरंगत राहा. हात मारू नका, पाय झाडू नका. फिरत राहणाऱ्याला पळणाऱ्या माशांच्या शेपट्याच दिसतात. काही मिनिटं निश्चल राहिलात की खडप तुम्हाला विसरतं. आधी काळ्या उभ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे परततात. त्यांतला एखादा दगडाच्या त्याच टीचभर जागेवर घुटमळत असेल, दुसऱ्यांच्या अंगावर धावून जात असेल, तर त्या जागेकडे नीट बघा. दगडावर जांभळट डाग दिसेल. ती अंडी आहेत आणि राखण करणारा नर आहे. तो तुमच्या मास्कवरही धावून येईल. तुम्ही मागे व्हा, कारण तो हटला की बाकीचे मासे क्षणात अंडी फस्त करतात.

कान पाण्याखाली ठेवा. कुरूम-कुरूम आवाज येतो तो पोपटमाशाचा. चोचीने तो दगड खरवडतो आणि थोड्या वेळाने मागून बारीक वाळूचा ढग सोडतो. कपारीच्या अंधारात गोबरा मासा तोंड बाहेर काढून बसलेला असतो. वाळूवर दोन डोळे आणि चपटी कड दिसली तर ते पाकट आहे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, तिथे पाय टेकवू नका.

प्रवाळ बघताना रंगीबेरंगी जंगलाची अपेक्षा ठेवू नका. इथलं प्रवाळ बहुतेक तपकिरी, हिरवट, दगडासारखं गोल. पण गोनिओपोरा नावाचं प्रवाळ सापडलं तर जवळून बघा. दिवसाढवळ्या त्याची फुलं उघडी असतात, प्रत्येक फुलाला 24 पाकळ्या, पाण्याबरोबर डुलणाऱ्या. धक्का लागला की मिटतात. पोरायटीस या दगडी प्रवाळाचा गोळा वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. गुडघाभर उंचीचा गोळा तुमच्या वडिलांच्या वयाचा असू शकतो. त्यावर उभं राहून मास्क नीट करणारे पाहुणे बघितले की माझा जीव तुटतो. मास्कमध्ये पाणी गेलं तर पाठीवर वळा. पांढरं पडलेलं प्रवाळ दिसलं तर मेलं असं समजू नका. पाणी तापलं की त्याच्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं दिसतं. पाणी वेळेत थंडावलं तर ते सावरतं. फोटो काढा, जागा होडीवाल्याला दाखवा. तुकडा उचलू नका, सुटा पडलेलाही. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत.

सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. समुद्री साळिंदराचा (सी अर्चिनचा) काटा पायात गेलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, वर दिसणारे काटे चिमट्याने काढा, आत मोडले असतील तर डॉक्टर गाठा.

परतताना देवबागच्या बाजूला पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन दिसू शकतात. आम्ही त्यांना गादा म्हणतो. मागे होडी लावायला सांगू नका. निदान पन्नास मीटर लांब इंजिन मंद ठेवून थांबायला सांगा. पिल्लू सोबत असेल तर तेवढंही जवळ नको, होडी वळवून घ्या.