गढीच्या डागडुजीत सिमेंटची गोणी आणि इतर चुका: या टाळा

नरनाळा, गाविलगड या किल्ल्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. गावातल्या गढीकडे मात्र बुरूज ढासळल्यावरच लक्ष जातं. मग मंडळं गोळा होतात, वर्गणी निघते आणि पहिली खरेदी होते सिमेंटची.

इथेच बिघडतं. जुनी भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि पुढे सांध्यांतल्या चुन्यावाटे बाहेर टाकते. दरजा, म्हणजे हे सांधे, सिमेंटने भरल्या की ओलीला वाट उरते ती विटेतूनच. पाण्याबरोबरचे क्षार विटेत साठतात, पांढरा लोणा फुटतो, मग विटेचे पापुद्रे सुटू लागतात. शेवटी विटा आत खचतात आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे आलेल्या दिसतात. १७५७ साली पुरा झालेला अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचा किल्ला विटांचा आहे. अशा बांधकामाला हा धोका दगडी तटापेक्षा कितीतरी जास्त. लोणा दिसला तर त्यावर गिलावा चढवू नका. कोरड्या ब्रशने झाडा आणि ओल कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा माथ्यावरची पन्हाळी बुजलेली असते, नाहीतर पायथ्याशी कुणीतरी सांडपाणी सोडलेलं असतं.

‘चुना वापरला, तरी झडतोय’ ही तक्रारही नेहमीची. मिस्त्रीला दोष देण्याआधी महिना विचारा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. पंचेचाळीस अंशांत तो नुसता वाळतो, नखाने खरवडला तर पीठ पडतं. त्यामुळे उन्हाळी सुट्ट्यांतल्या श्रमदानात चुन्याचं काम काढूच नका. उन्हाळ्यात मोजमापं घ्या, फोटो काढा, पन्हाळ्या मोकळ्या करा. दरजा भरायच्या त्या दिवाळीनंतर, थंडीत, आणि वर ओलं गोणपाट टाकून. चुनाही पाण्यात विरवून पाण्याखाली मुरवलेला हवा. किराणा दुकानातली जुनी, हवा लागलेली पुडी नको. विरवताना तो उसळतो, डोळ्यांना चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा.

पिंपळ ओढून काढायचा मोह आवरा. त्याची मुळं चिऱ्यांमागे पाचरीसारखी घुसलेली असतात, झाडाबरोबर अर्धा बुरूज खाली येतो. नुसता छाटलात तर पावसात पुन्हा फुटेल आणि मुळं जाड होतील. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा. मूळ मेल्यावर गरज असेल तेवढेच चिरे क्रमांक टाकून उतरवा, मूळ काढा, पोकळी चुन्याने भरून चिरे त्याच जागी बसवा.

भेग दिसली की बुजवायची घाईही नको. काळ्या मातीत पाया उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सारखा हलतो. भेगेवर काचेची पट्टी जिप्समने चिकटवून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. काच तडकली तर भेग अजून हलते आहे, अडचण पायाची असू शकते, स्थापत्य अभियंत्याला बोलवा.

आणि हो, परवानगी. केंद्र-संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. खुद्द वास्तूला तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हातही लावू नका. गढी खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. पांढऱ्या मातीसाठी गढी पोखरणारे आणि गुप्तधनवाले यांना सरपंचांनीच अडवायचं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.