स्पॅनिशमध्ये दुसऱ्याचे बोलणे सांगताना या चुका टाळा

मराठीत आपण दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे समोर ठेवतो. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यातला ‘मी’ म्हणजे तोच, हे ऐकणाऱ्याला आपसूक कळते. स्पॅनिशमध्ये या ‘की’च्या जागी ‘के’ येतो आणि हे साम्यच मराठी माणसाला चकवते. सुरुवातीला मी एका मित्राचा निरोप ‘दिहो के बेंगो मान्याना’ असा सांगितला, तेव्हा घरमालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशीच्या जेवणात माझेच पान धरले. कारण ‘बेंगो’ म्हणजे ‘मी येतो’, आणि ‘के’नंतरचा ‘मी’ निरोप सांगणाराच असतो. म्हणायला हवे होते ‘दिहो के बेनिआ मान्याना’, म्हणजे ‘तो उद्या येणार, असे म्हणाला’. बेत अजून कायम असेल, तर ‘ब्येने’ (‘तो येतो’) वापरून ‘दिहो के ब्येने मान्याना’ हेही चालते.

सर्वांत महागात पडते ती आज्ञा सांगतानाची चूक. ‘आई म्हणते, जेवायला ये’ हे ‘दिसे मामा के बेंगास आ कोमेर’ असे होते. ‘बेंगास’ऐवजी ‘ब्येनेस’ म्हटले, तर आईचे बोलावणे उरत नाही, ‘तू जेवायला येतोस, असे आई म्हणते’ एवढी माहिती उरते. घरात हा फरक सतत ऐकू येतो. स्वयंपाकघरातून आई ‘बेन आ कोमेर’ अशी हाक मारते, आतल्या खोलीतून मूल ‘के?’ (येथे ‘काय?’) म्हणून विचारते, आणि मग आई आवाज चढवून ‘के बेंगास!’ म्हणते, म्हणजे आपले ‘ये म्हणतेय ना!’. येथे ‘म्हणते’ हे क्रियापद गळले आहे, तरी सुरुवातीचा ‘के’ गाळून चालत नाही.

इंग्रजीच्या सवयीने इतरत्रही ‘के’ गाळू नये. हो-नाहीचा प्रश्न सांगताना मात्र ‘के’च्या जागी ‘सी’ (‘...का, असे’) लागतो. बोलण्यात ‘के सी’ही रूढ आहे. ‘दिसे के’ (‘म्हणतो की’) याच्या मध्ये ‘दे’ घालून ‘दिसे दे के’ म्हणणे मात्र टाळावे. काही मातृभाषिकही तसे बोलतात, पण ते अशुद्ध मानले जाते.

मेक्सिको आणि कोलंबियात ऐकू येणारा ‘दिस्के’ आपल्या ‘म्हणे’च्या फार जवळचा आहे: ‘दिस्के एस्ता एन्फेर्मो’, म्हणजे ‘आजारी आहे म्हणे’. त्यात बहुधा अविश्वासाची छटा असते, म्हणून रजेवर असलेल्या सहकाऱ्याचा निरोप वरिष्ठांना सांगताना तो वापरू नये. तेथे साधे ‘दिसे के’च योग्य.