फिरताना सॅटेलाइट इंटरनेट घ्यायचंय? आधी आभाळ बघा, मग बॅटरी, स्पीडचं सगळ्यात शेवटी

पर्थमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दर मोठ्या सुट्टीच्या आधी विचारतंच, कॅराव्हॅन घेऊन निघतोय, सॅटेलाइट इंटरनेट कुठलं घेऊ, छोटी डिश पुरेल का मोठी लागेल, प्लॅन कुठला. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी घरून पेरोलचं काम करते, नवऱ्याचं काम कॉन्ट्रॅक्टवर असतं, त्यामुळे वर्षातले दोनतीन महिने आम्ही लेकीला घेऊन रस्त्यावर असतो आणि त्या काळात माझं ऑफिस म्हणजे कॅराव्हॅनचं जेवायचं टेबल. नेट गेलं की पगार अडकतात, लोकांचे, त्यामुळे हा विषय मी फार मनावर घेतलाय.

पहिला प्रश्न, तुम्हाला सॅटेलाइट लागतंच का? इथल्या मोबाइल कंपन्या सांगतात आमची रेंज ९९ टक्के, पण ते ९९ टक्के लोकसंख्येचे असतात, जमिनीचे नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात लोक किनाऱ्याला चिकटून राहतात, आतला प्रचंड भाग रिकामा. पर्थच्या दक्षिणेकडची मार्गारेट रिव्हर, ऑल्बनी, बसल्टन अशीच गावं फिरणार असाल आणि रात्री गावातल्या कॅराव्हॅन पार्कात उतरणार असाल तर चांगलं सिम आणि गाडीवर एक बाहेरचा अँटेना एवढ्यात भागतं, उगाच खर्च करू नका. पण नॉर्समनवरून नलारबॉरचं ओसाड मैदान ओलांडून सेडूनाला जायचं म्हटलं की ते साधारण १२०० किलोमीटर, मध्ये रोडहाऊस सोडून काही नाही, रेंज रोडहाऊसच्या आसपास असली तर असते, नाहीतर नाही. किंवा किंबर्लीतला गिब रिव्हर रोड, ६६० किलोमीटर, बराचसा कच्चा. तिकडे काम करायचं असेल तर मात्र डिश हवीच.

आता प्रकार. तुमच्या बजेटमध्ये बसणारे आणि खरोखर इंटरनेट म्हणावं असे पर्याय फार नाहीत. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून सिग्नल जाऊन यायला फार वेळ लागत नाही, व्हिडिओ कॉल घरच्यासारखा होतो. इथल्या गावाकडे सरकारी स्काय मस्टर आहे, ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, म्हणजे तुमचा एक 'हॅलो' वर जाऊन खाली, आणि उत्तर परत वर जाऊन खाली, नुसत्या अंतरातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो, त्यात ती घरावर फिटिंग करून बसवायची डिश, फिरण्याच्या कामाची नाही. मग इरिडियम, ही सॅटेलाइट फोनवाली कंपनी. ६६ उपग्रह, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत रेंज, झाडाबिडांचा त्रास कमी, पण त्यांच्या गो एक्झेकसारख्या डब्याचा स्पीड ८८ केबीपीएस, म्हणजे तीन एमबीचा एक फोटो उतरायला साडेचार मिनिटं. बोटीने समुद्रात जाणाऱ्यांना हवामानाचे रिपोर्ट आणि ईमेल मिळतात, त्यांच्यासाठी तो देव आहे, पण मीटिंग त्यावर होणार नाही. इनमारसॅट या दुसऱ्या सॅटेलाइट कंपनीचं बीगॅन थोडं बरं, पण डेटा इतका महाग की ते पत्रकार, बचावपथकं यांच्यासाठीच ठीक.

म्हणजे आपल्यासारख्यांचा प्रश्न शेवटी स्टारलिंकची छोटी मिनी डिश की मोठी स्टँडर्ड एवढाच उरतो. तिथे लोक स्पीड बघत बसतात. स्पीड दोन्हींना भरपूर आहे हो, कॉलसाठी, मुलांच्या कार्टूनसाठी पुरून उरतो. बघायचं ते आभाळ आणि वीज.

आभाळाचं आधी सांगते कारण तिथेच सगळे फसतात. आपल्याला गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशची सवय, ती एका उपग्रहाकडे रोखून ठेवली, तेवढी एक दिशा मोकळी असली की झालं. इथे तसं नाही, उपग्रह सतत सरकत असतात, एक गेला की दुसरा, त्यामुळे डिशला वरचं मोठ्ठं आभाळ लागतं, मिनी काय स्टँडर्ड काय दोघींची नजर ११० अंशांची, एखादी तिरक्या भिंतींची मोठी परात डोक्यावर धरल्यासारखी. त्या परातीत फांदी आली की तो उपग्रह तेवढ्यापुरता गेला.

हे मला पेम्बर्टनच्या जंगलात कळलं. तिथे कॅरीची, म्हणजे एका जातीच्या निलगिरीची झाडं, साठ साठ मीटर उंच, त्याहूनही मोठी असतात, सकाळी सहाला धुकं, पक्षी, इतकं सुंदर की काय सांगू, आणि आठला माझा कॉल. चाळीस सेकंद बोलणं चालू, मग समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजलेला, मग पाच सेकंदांनी परत सुरू. असं अर्धा तास. स्टारलिंकच्या अॅपमध्ये अडथळ्यांचा नकाशा बघितला तर निळ्या गोलात मधोमध लाल ठिपके, आणि ते ठिपके बघून वर मान केली तर बरोब्बर तीच फांदी. डिश दहा पावलं सरकवली, लाल दुसरीकडे गेलं, कमी काही झालं नाही. शेवटी मी लॅपटॉप घेऊन गाडीने गावातल्या फुटबॉलच्या मोकळ्या मैदानावर गेले आणि तिथे डिश बोनेटवर ठेवून पगार सोडले.

तेव्हापासून माझा हिशोब असा, डिश आडवी ठेवली तर झाड जितकं उंच त्याच्या दीडपट लांब डिश हवी. दहा मीटरचं झाड, पंधरा मीटर लांब. मिनीबरोबर येणारी केबल पंधरा मीटरची असते, त्यामुळे बहुतेक कॅम्पसाइटवर जमतं, कॅरीच्या जंगलात साठाला नव्वद मीटर, ते कुठून जमणार. आणि जागा बुक करण्याआधी, गाडी लावायच्याही आधी, अॅपमधून फोनचा कॅमेरा आभाळाकडे फिरवून अडथळे तपासता येतात, दोन मिनिटांचं काम, चाकांना ठोकळे लावायच्या आधीच करायचं. इथे दक्षिण गोलार्धात डिशचा कल दक्षिणेकडे असतो, तर दक्षिणेची बाजू जास्त मोकळी हवी, भारतातून किंवा अमेरिकेतून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो, अॅप बाण दाखवतं तसंच वळवा. आणि नलारबॉर या नावाचा अर्थच मुळी 'एकही झाड नाही', लॅटिनमधून आलेला, तिथे डिश जमिनीवर टाकली तरी चालते, मला अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात चांगलं नेट तिथेच मिळालं.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मिनीचा वायफाय राउटर डिशच्या पोटातच असतो. म्हणजे झाडं टाळायला डिश पंधरा मीटर लांब नेली की वायफायही पंधरा मीटर लांब गेला, आणि कॅराव्हॅनला अॅल्युमिनियमचा पत्रा, आत फोनला एकच कांडी. उपाय सोपा आहे, मिनीला मागे नेटवर्क केबलचं भोक आहे, तिथून लांब केबल आत आणून एक छोटा ट्रॅव्हल राउटर लावायचा. स्टँडर्डचा राउटर वेगळा असतो आणि आतच बसतो, तो त्रास नाही. आणि अॅल्युमिनियमच्याच छतावर चुंबकवाला स्टँड चिकटत नाही, हे ऑर्डर करायच्या आधी एखादं फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा.

आता वीज. मिनी साधारण २५ ते ४० वॉट खाते, स्टँडर्ड ७५ ते १००. ऐकायला छोटा फरक वाटतो. तुमच्याकडे १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असेल तर तिच्यात साधारण १२८० वॉट-अवर असतात. दिवसाला दहा तास डिश चालू धरा, मिनीला तीनशेच्या आसपास, म्हणजे पाव बॅटरी, स्टँडर्डला साडेसातशे ते हजार, म्हणजे बॅटरी गेलीच, आणि फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप वेगळे. त्यात स्टँडर्ड घरच्या करंटवर चालते म्हणून मध्ये इन्व्हर्टर आला, तो स्वतःचा वाटा खातो तो खातोच. मिनी सरळ १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर चालते. माझ्या मते फिरणाऱ्याने या एकाच कारणासाठी मिनी घ्यावी, वजन १.१ किलो, लॅपटॉपच्या बॅगेत जाते, हे वर फायदा.

पण सिगरेट लायटरच्या सॉकेटवरून चालवताना सांभाळून. आम्ही ऑनलाइन एक स्वस्त वायर मागवली, बारीक, लांब, आणि डिश दर मिनिटाला बंद पडून परत चालू व्हायची, मला वाटलं डिशच खराब आली. नवऱ्याने मीटर लावला तर गाडीपाशी १२.६ व्होल्ट आणि वायरच्या टोकाला ११ च्या आत. बारीक वायरीत व्होल्ट गळतात, आणि डिश चालू होताना जास्त ओढते तेव्हा अजूनच गळतात. जाड वायर घ्या, आखूड घ्या, लांबच लागत असेल तर व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर बॅटरीपाशी लावा. पॉवर बँकेवर चालवायची तर ती यूएसबी-सीला १०० वॉट देणारी हवी, साध्या ६५ वॉटच्या बँकेवर डिशने नखरे केले तर दोष डिशचा नाही. विमानात चालणारी १०० वॉट-अवरच्या आतली बँक साधारण तीन तास खेचते, एका मीटिंगला आणि आईच्या फोनला पुरते.

आणि ऊन. डिशला ५० अंशांपर्यंतची मुभा आहे, पण ती हवेची, जानेवारीत काळ्या बोनेटवर ठेवलीत तर खालचा पत्रा तिला अजून तापवतो. फिकट रंगाच्या टेबलावर ठेवा, खालून वारा जाऊ द्या.

प्लॅनचे आकडे मी देत नाही कारण ते सारखे बदलतात, घ्यायच्या दिवशीच साइटवर बघा. फिरायला 'रोम' नावाचा प्लॅन, त्यात ठराविक जीबीचे आणि अनलिमिटेड असे प्रकार. तुमचा वापर आधी मोजा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी धरा, एचडी सिनेमाला तासाला तीन, फोरकेला सात. म्हणजे दिवसाला तीन तास कॉल आणि रात्री एक सिनेमा, महिन्याला दोनशेच्या पुढे जाता. पण खरा डेटा खातात ते फोनचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप, कुणाला न विचारता. या वायफायला सगळ्या फोन-लॅपटॉपवर 'मीटर्ड' किंवा 'लो डेटा' करून ठेवा, मुलांच्या टॅबलेटवरही. दुसऱ्या देशात नेणार असाल तर सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त वापरता येत नाही, खात्याचा देश बदलावा लागतो. आणि जे फिरत नाहीत, शहर सोडून लांब जमीन घेऊन एकाच जागी राहतात, त्यांनी रोम घेऊच नये, स्टँडर्ड डिश छतावर बसवून घरचा प्लॅन घ्यावा, तो त्यांना परवडतो.

सेकंडहँड घेताना पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून डिश काढायला लावा, तुमच्यासमोर, आणि तिथेच तुमच्या खात्यात घालून बघा. नाहीतर हातात फक्त पांढरी पाटी उरते.

एक मात्र हात जोडून सांगते, ही डिश म्हणजे जीव वाचवायचं साधन नाही. गाडी उलटली तर कोण उतरून डिश लावणार, अॅप उघडणार? पीएलबी वेगळा घ्याच, म्हणजे संकटात चालू केला की उपग्रहामार्फत बचावपथकाला तुमचा ठावठिकाणा कळवणारा छोटा डबा, ४०६ मेगाहर्ट्झवाला, महिन्याचा खर्च नाही, इथल्या मॅरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे नोंदणी फुकट होते, आणि तो हाताशी ठेवा, डिकीत नाही. गाडीतून गाडीत बोलायचा यूएचएफ रेडिओही ठेवा, चॅनेल ४० वर ट्रकवाले असतात.

शेवटचं, भारतात जाणाऱ्यांसाठी. माझे बाबा दर फोनला म्हणतात येताना तसली एक डिश घेऊन ये, आपल्या गावात टॉवर पावसात जातो तो आठवडाभर येत नाही. मन फार होतं, पण मी नेत नाही. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, २६/११ नंतर यावर फारच कडक नजर आहे, थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या सॅटेलाइट फोनना तर बंदीच. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईंना ट्रेकिंगचा साधा सॅटेलाइट कम्युनिकेटर बॅगेत सापडला म्हणून अडवलं होतं. ट्रेकिंगसाठी घेतलेलं असं काही तुमच्याकडे असेल तर तेही इथेच ठेवून जा. स्टारलिंकला भारताचा परवाना २०२५ च्या जूनमध्ये मिळाला, नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनेही त्यांच्याशी इरादापत्रावर सही केली, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव इथल्या शाळा, आरोग्यकेंद्रांसाठी. पण कंपनीला परवाना मिळाला म्हणजे आपल्या बॅगेतल्या परदेशी डिशला मिळाला असं नाही. बाबांना सांगितलंय, तिथे रीतसर विक्री सुरू झाली की तिथल्याच नावावर, तिथल्याच पत्त्यावर घेऊ, आणि तोवर अंगणातल्या फणसाची दक्षिणेकडची नाही, उत्तरेकडची फांदी छाटून ठेवा, कारण तिकडे कल उलटा असतो.