पांडाजमध्ये बेरीज होईना, आकडे नुसते चिकटत होते

दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाची वर्गणी पायथनमध्ये, पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने, बेरजेला घातली, तर उत्तर आलं ‘2,501501/-1,100’. रकमा मजकूर म्हणून वाचल्या गेल्या होत्या, त्यांची माळच! अ‍ॅजटाइपने (कॉलमचा प्रकार बदलणारं फंक्शन) एरर दिली. टू-न्यूमेरिकला (मजकुराचे आकडे करणारं फंक्शन) कोअर्स सांगितलं, म्हणजे जमणार नाही ते रिकामं ठेव, तर स्वल्पविरामवाल्या रकमा गुपचूप रिकाम्या झाल्या. बेरीज आली, पण चुकीची. तीन रात्री गेल्या.

जमलं ते असं: फाइल वाचतानाच डीटाइप (कॉलमचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिला. मग रकमेच्या कॉलमवर स्ट्रिंग रिप्लेस, पॅटर्न ‘[^0-9]’ (0 ते 9 सोडून सगळं), जागी काहीच नाही, आणि रेजेक्स ट्रू (म्हणजे पॅटर्न शब्दशः न घेता नमुना म्हणून वाच). पांडाज 2.0 पासून रेजेक्स आपोआप फॉल्स असतं. माझं घोडं तिथेच अडलं होतं. टिंबही जाऊ द्या (आमच्याकडे पैसे नव्हते, नुसते रुपये), नाहीतर ‘रु.501’ चे .501 होतात. त्यानंतर टू-न्यूमेरिक, मग बेरीज. काकांच्या वहीशी रुपयान् रुपया जुळला.