निम्म्या मनाने मारलेली उडी: पार्कोर शिकताना या चुका टाळा

माझ्या उजव्या नडगीवर चार बोटं लांबीचा व्रण आहे. पार्कोर म्हणजे भिंती, कठडे, जिने असे अडथळे धावत, चढत, उड्या मारत पार करणं, आणि हा व्रण त्यातलाच. दोन कठडे, कमरेइतके उंच, मध्ये जेमतेम सहा फूट. जमिनीवर तेवढी उडी मी रोज मारत होतो. पण पाय सुटायच्या क्षणी मनात आलं, 'नाही जमलं तर?' आणि जोर आवरला गेला. चवडे कठड्यावर पोचलेच नाहीत, नडगी कडेवर आपटली. अंतर माझ्या आवाक्यातलं होतं. उडी सुरू झाल्यावर मी ती मागे घ्यायला गेलो, म्हणून पडलो. पुढे मुलांना शिकवायला लागल्यावरही जास्तीत जास्त दुखापती मी अशाच उड्यांत पाहिल्या.

भीती घालवायला निघणं

"दादा, भीती कशी घालवायची?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. भीती घालवायची नसते. ती कशाची आहे, हे आधी शोधायचं असतं. मी तीन प्रश्न विचारायला लावतो. मी पोचेन का? नाही पोचलो तर कुठे आणि कसा पडेन? जिथे उतरायचंय ती जागा माझं वजन धरेल का?

पहिल्याचं उत्तर मोजून मिळतं. टाचेला चवडा लावत अंतर पावलांत मोजा, खडूने जमिनीवर तेवढ्याच अंतराच्या दोन रेघा ओढा आणि उभ्याने दहा वेळा उडी मारा. चवडे रेघेवर टेकले पाहिजेत आणि तिथेच स्थिर राहिले पाहिजेत. दहातल्या नऊ वेळा हे जमत नसेल, तर तुमची भीती बरोबर सांगतेय. तिचं ऐका आणि पायांची ताकद वाढवा.

तिसऱ्याचं उत्तर हाताने आणि बुटाने तपासायचं. पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस भिंतीच्या सावलीतल्या बाजूला शेवाळ राहतं. जांभ्याची कड वरून भक्कम दिसते आणि टाच पडली की भुगा होतो. पोकळ झालेलं प्लास्टर ठोकून कळतं. बूट घासून पाहा, कडेवर उभे राहून वजन टाकून पाहा. आणि भिंत कोणाची आहे, हे विचारल्याशिवाय तिच्यावर चढू नका.

तिन्ही उत्तरं समाधानकारक असूनही पाय उचलत नसेल, तर अडथळा खरोखर मनाचा आहे. तो तुटण्याला पार्कोरमध्ये 'ब्रेकिंग द जंप' म्हणतात. तिथे अंतर तेच ठेवून उंची उतरवायची: आधी फूटपाथची कड, मग गुडघ्याइतका कट्टा, मग कंबरेइतका. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. अंतर, उंची आणि नवी जागा तिन्ही एकाच दिवशी बदलली, तर काय चुकलं हे पडल्यावरही कळत नाही.

पडणं शिकायचं राहून जाणं

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं आणि भीतीचं मूळ बहुधा तिथेच असतं. म्हणून मी उडी फसवायचा सराव आधी करून घेतो. प्रिसिजन जंपमध्ये, म्हणजे नेमक्या जागी दोन्ही पायांवर उतरून स्थिर राहायच्या उडीत, मुद्दाम कमी उडी मारा, चवड्यांनी समोरच्या कठड्याची कड ढकला आणि मागे, खाली दोन्ही पायांवर उतरा. मग मुद्दाम जास्त मारा आणि तोल न सावरता एक पाऊल पुढे टाकून खाली उतरा. हे गुडघ्याइतक्या उंचीवर वीस-वीस वेळा. कमी पडलो तरी काय करायचं हे पायांना ठाऊक झालं, की 'नाही जमलं तर?' या प्रश्नाला उत्तर असतं आणि जोर आवरला जात नाही.

कॅट लीपमध्ये, म्हणजे उडी मारून समोरच्या भिंतीच्या कडेला हातांनी लटकताना, आधी पाय भिंतीला, लगेच हात कडेवर, हा क्रम पाळा. घाबरलेला माणूस आधी हात पुढे करतो आणि गुडघे भिंतीवर आपटतात. पकड सुटली तर भिंतीला लोटून, वळून, दोन पायांवर उतरणं हाही वेगळा सराव आहे. रोल, म्हणजे उतरल्यावर धक्का पसरवणारी कोलांटी, गवतावर, उकिडवं बसून सुरू करा: एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरका. मणका जमिनीला टोचत असेल तर रोल सरळ होतोय, तो सुधारल्याशिवाय उंचीवरून करू नका. उतरताना चवडे आधी, गुडघे काटकोनापेक्षा जास्त वाकू द्यायचे नाहीत आणि आवाज कमीत कमी. मोठा धप्प आवाज आला की समजा, धक्का सांध्यांनी खाल्लाय.

धावत येऊन थांबणं

भिंतीपर्यंत धावत येऊन थांबणाऱ्याला वाटतं, आपण हिंमत गोळा करतोय. दहा वेळा थांबलात, तर शरीराने दहा वेळा थांबण्याचाच सराव केलेला असतो. भिंतीच्या दोन पावलं आधी खूण करा. तिच्या अलीकडे थांबायला पूर्ण मुभा, पलीकडे गेल्यावर माघार नाही. तीनदा थांबलात, तर त्या दिवशी ती भिंत सोडून खालची घ्या.

'आज जमलं नाही' एवढंच लिहिणं

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचा काँग व्हॉल्टमध्ये, म्हणजे दोन्ही हात भिंतीवर टेकून पाय हातांमधून पुढे काढत भिंत ओलांडताना, पाय तीन आठवडे अडकत होता. तो स्वतःला भित्रा ठरवून मोकळा झाला होता. आम्ही बाजूने व्हिडिओ घेतला. भिंत जवळ आली की त्याची पावलं आखूड व्हायची, तो अगदी भिंतीला चिकटून उडायचा, कंबर वर यायला जागाच उरायची नाही आणि पाय अडकायचा. पाय अडकला की भीती वाढायची आणि पुढच्या वेळी पावलं आणखी आखूड. आम्ही भिंतीपासून दूर, जिथून उडायचं तिथे खडूची रेघ ओढली आणि आधीपेक्षा खालचा कट्टा घेतला. 'घाबरू नकोस' असं एकदाही म्हणावं लागलं नाही. वहीत 'जमलं नाही' ऐवजी 'शेवटचं पाऊल फार जवळ' असं लिहिलं, की उद्या काय करायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.

पडल्या पडल्या चिडून तीच उडी पुन्हा मारू नका. दोन मिनिटं बसा, व्हिडिओ पाहा, मग उठा. आणि एकदा जमली म्हणून पुढे पळू नका. पार्कोर करणारे म्हणतात, एकदा म्हणजे कधीच नाही.

दुसऱ्यांच्या घाईने उडणं

पॅरिसच्या दक्षिणेला लिस नावाचं छोटं गाव आहे. १९९०च्या दशकात पार्कोरचा जनक मानला जाणारा डेव्हिड बेल आणि त्याचे सोबती तिथल्याच भिंती-जिन्यांवर वर्षानुवर्षं घडले. डेव्हिडचे वडील रेमंड पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. ज्या जुन्या फ्रेंच व्यायामपद्धतीतून हे सगळं आलं, तिचं ब्रीद होतं 'उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा'. मोबाइल रोखून "मार रे, काय होतंय!" म्हणणारा मित्र या परंपरेत बसत नाही. त्याला मोबाइल खाली ठेवायला सांगा. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तालमीत जोर-बैठकांआधी कुणी कुस्ती लावत नाही, तसंच हे. दमल्यावर 'शेवटची एक' नको. घोटे तिथेच मुरगळतात.

घोटा दुखावला आणि चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायला जा. डोक्याला मार लागला तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद आणि डॉक्टरांना दाखवा.

नडगी भरून आल्यावर मी त्या कठड्यांकडे परत गेलो. पहिल्या दिवशी फक्त वर उभा राहिलो आणि कड तपासली. नंतरचे काही दिवस मुद्दाम कमी उडी मारून खाली उतरत राहिलो. उडी दुसऱ्या आठवड्यात मारली, दहा वेळा.