तहहयात हक्क दस्तात कसा लिहावा

"घर मुलाच्या नावावर करायचंय, पण आम्ही असेपर्यंत आम्हीच राहणार." मी दस्त लिहिते, आणि हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. नाव एकट्याचं आहे की सामाईक? सामाईक असेल तर आपल्या हिश्श्यापुरतंच देता येतं. मिळकत वडिलोपार्जित असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते. त्याला नोंदणी आणि दोन साक्षीदार लागतातच. मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार हवेत, पण नोंदणी सक्तीची नाही आणि ते केव्हाही बदलता येतं. मनात जराही चलबिचल असेल तर मृत्युपत्रच करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर हक्क राखून ठेवणारं कलम जपून लिहा. एक काकू प्लास्टिकच्या पिशवीतून दस्त घेऊन आल्या होत्या. घर काकांच्या एकट्याच्या नावावर होतं. त्यांनी ते मुलाला दिलं आणि "माझ्या हयातीपर्यंत" राहण्याचा हक्क ठेवला. काका गेले, हक्क संपला. "यात माझं नाव कुठंय?" काकूंनी विचारलं. नव्हतंच. मला अजून ते टोचतं. म्हणून मी असं लिहिते: "सदर मिळकतीत राहण्याचा व तिचे उत्पन्न घेण्याचा हक्क मी व माझी पत्नी अशा उभयतांच्या हयातीपर्यंत राखून ठेवला आहे, एकाच्या पश्चात तो संपूर्णपणे दुसऱ्याकडे राहील." ताबा आपल्याकडे ठेवल्याने बक्षीस रद्द ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय. सांभाळ करण्याची अटही त्याच दस्तात घाला. सांभाळ झाला नाही तर बक्षीस रद्द करून घेता येतं, असं सांगणारं ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 या अटीवरच उभं आहे. घरपट्टी आणि दुरुस्ती कोणी करायची, तेही लिहा.

मृत्युपत्रात बायकोला फक्त हयातीपुरता हक्क देताना मात्र थांबा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातलं कलम 14(2) अशी मर्यादा मान्य करतं. पण मिळकत तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेली असेल, तर कलम 14(1) नुसार ती पूर्ण मालकीण होते. 1977 च्या तुलसम्मा खटल्यात हेच ठरलं. दस्तात सवयीने "चरितार्थासाठी" असं लिहिलं, की पुढे मुलं आणि आई कोर्टात समोरासमोर येऊ शकतात. मी तर विचारते, तिला पूर्ण मालकी द्यायला काय हरकत आहे?

नोंदणीनंतर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा उतारा, घ्या. शेतजमीन असेल तर फेरफार झाल्यावर हयातीचा हक्क सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात उतरलाय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.