जुने जीन दुरुस्त करताना: आधी सांगाडा, मग चामडे

नवे जीन घेण्याआधी जुन्याचा सांगाडा तपासा. चामडे, टाके, लोकर सगळे बदलता येते. मोडक्या सांगाड्यावरचा खर्च वाया जातो आणि घोड्याच्या पाठीला जखमा होतात. पुढचा उंचवटा मांडीला टेकवून मागचा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. पोलादी पट्ट्यांचा सांगाडा किंचित लवून लगेच जागेवर येतो. बैठकीवर मधोमध घडी पडली, कुरकुर ऐकू आली किंवा एकच बाजू वाकली, तर आत मोडतोड आहे. मग पुढच्या कमानीची टोके आत दाबा, बाहेर ओढा. कमान हलली तर पुढचे काही करू नका.

सांगाडा शाबूत असेल तर ओल्या स्पंजाने आणि ग्लिसरीन साबणाने घाम-मळ काढा. पाणी ओतू नका. सावलीत वाळवा; ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या उन्हात चामडे एका दुपारीत कडक होते. घासल्यावर लालसर भुकटी पडत असेल तर ते चामडे मेले आहे. कोणतेही तेल त्याला परत आणत नाही, तो तुकडाच बदलावा लागतो.

आता तंगाचे पट्टे, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा तंग ज्यांना अडकवतात ते जिनाचे पट्टे. स्वाराचा जीव यांच्यावर असतो, म्हणून इथे काटकसर नको. भोकाजवळ पट्टा दुमडून पाहा. भेगा दिसल्या किंवा भोके लांबट झाली असतील तर दोन्ही बाजूंचे पट्टे एकदमच बदला, कारण जुना पट्टा ताणलेला असतो आणि जीन एका अंगाला सरकते. पट्टा ज्या निवारीला शिवलेला असतो तीही ओढून बघा. ती कुजली असेल तर नवा पट्टा व्यर्थ. झाडाच्या सालीत कमावलेले, सुमारे ४ मिमी जाड चामडे घ्या. शिवण दोन सुयांची, मेण लावलेल्या पॉलिस्टर किंवा जवसाच्या दोऱ्याची, इंचाला ६ ते ८ टाके. मशीनच्या शिवणीत एक दोरा तुटला की शेजारचे टाकेही सुटतात. दोन सुयांच्या शिवणीत दुसरा दोरा धरून ठेवतो. साधा सुती दोरा घामाने कुजतो. जुन्या चामड्यात सुई जुन्याच भोकांतून काढा. मधे नवी भोके पाडली की चामडे त्याच रेषेत फाटते.

जिनाखालच्या, पाठीवर टेकणाऱ्या गादीतली लोकर गाठाळली असेल तर सगळी बाहेर काढा. गाठींवर नवी भरली तर त्याच गाठी पाठीत रुततात. नवी लोकर तोलून डाव्या-उजव्या बाजूसाठी दोन समान वाटे करा आणि हाताने मोकळी करून लहान पुंजक्यांनी भरा. कापूस नको, घामाने बसतो आणि पुन्हा फुगत नाही. दोन्ही बाजूंच्या मधली, कण्यावरची पन्हळ टोकापासून टोकापर्यंत ५ ते ६ सेंमी रुंद मोकळी हवी. स्वार बसल्यावर पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटे जायला हवीत. नवी लोकर वापराने बसते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते.

रिकिबीच्या पट्ट्यांची अदलाबदल करा. चढताना डाव्यावर भार येऊन तो लांबतो.

तेल शेवटी. नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा) पातळ हात आतल्या, खरबरीत बाजूने द्या, एक दिवस थांबा, गरज वाटली तरच दुसरा. मोहरीचे तेल चिकट होऊन धूळ धरते. तेल जास्त झाले तर पट्टे लोंबतात. पावसाळ्यात प्लास्टिकऐवजी सुती कापडाने झाका आणि दर आठवड्याला पाखे (दोन्ही बाजूंना लोंबणारे चामड्याचे पडदे) उचलून खाली बुरशी आली का ते पाहा.